कवितेत लपवलेला डबा : पुण्यात पहिल्यांदा शोधायला निघणाऱ्यांसाठी

एखाद्या रविवारी सकाळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर, हातात वहीचा कागद घेऊन आणि वाड्याकडे पाठ करून उभी असलेली चार-पाच माणसे दिसली, तर ती वाट चुकलेली असतीलच असे नाही. त्यांच्या कागदावर बहुधा एक कविता असते आणि ती कविता सांगेल तिथे कोणीतरी एक डबा ठेवलेला असतो. एकाने डबा लपवायचा, त्याच्या जागेची खूण कवितेत गुंफायची आणि इतरांनी ती उकलून डब्यापर्यंत पोहोचायचे, एवढाच हा खेळ आहे. आमच्या मित्रमंडळींत तो काही वर्षांपासून चालू आहे. मी त्यासाठी थोड्या कविता रचल्या आहेत आणि इतरांच्या कवितांनी त्याहून कितीतरी अधिक वेळा फसलो आहे, त्यामुळे पुढील सूचना बऱ्याचशा त्या फसण्यातून आलेल्या आहेत.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘ठेवा शोधणे’ म्हटले की आपल्याकडे लोकांच्या मनात गुप्तधन येते, आणि गुप्तधनाच्या मागोमाग मांत्रिक, अमावास्या आणि पडक्या वाड्यात रात्री मारलेली कुदळ हेही येते. त्या वाटेचा या खेळाशी काडीचाही संबंध नाही. गुप्तधनाच्या नावाखाली केलेल्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा आहे. आपल्या खेळातला डबा हा जिवंत माणसाने, अलीकडे, जागेच्या मालकाची परवानगी घेऊन ठेवलेला असतो आणि तो मिळवण्यासाठी कोठेही खणावे लागत नाही. ज्या कवितेत खणायला सांगितले असेल ती कविता हाती घेऊच नये, असे माझे मत आहे.

सोबत काय असावे

सामान फार लागत नाही. कविता हाताने उतरवलेली वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, पाच मीटरची टेप, होकायंत्र (मोबाइलमधले चालेल) आणि सोबतीला किमान एक माणूस पुरेसा आहे. तो माणूस आपल्या प्रत्येक कल्पनेला मान डोलावणारा नसावा. आमच्या चमूत माझी मामेबहीण हे काम करते, तिचे ‘कशावरून?’ ऐकून घेण्याची तयारी असेल तर निम्मी पायपीट वाचते.

पहिली पायरी : कविता घरी बसून वाचणे

नवखा माणूस कविता हाती पडताच चपला घालतो. ही चूक सगळेच करतात, तरीही ती टाळावी. कविता प्रथम हाताने उतरवून घ्यावी, कारण मोबाइलच्या पडद्यावर डोळा ज्या ऱ्हस्व-दीर्घावरून घसरून जातो तिथे हात अडखळतो. नंतर ती मोठ्याने वाचावी आणि अक्षरे मोजावीत.

अक्षरे मोजण्याचे कारण असे की मराठीत खेळासाठी लिहिणारे बहुतेक जण अभंगाचा किंवा ओवीचा आधार घेतात. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खंडाचे यमक जुळते. हा साचा एकदा कानात बसला, की कोठे एखादे अक्षर जास्त झाले आहे, कोठे सरळ शब्द सोडून आडवळणाचा शब्द आला आहे, हे आपोआप कळते. छंदासाठी शब्द वाकवला असेल तर तो बिनमहत्त्वाचा असण्याची शक्यता असते. पण छंद मोडूनही रचणाऱ्याने एखादा शब्द ठेवला असेल, तर तो त्याला बदलता आला नाही असे समजावे, आणि बहुधा तीच खूण असते. ओळींची आद्याक्षरे उभी वाचून पाहावीत. शेवटची अक्षरेही पाहावीत. यात पाच मिनिटे जातात आणि दहापैकी नऊ वेळा काही हाती लागत नाही, तरी ते करावे.

संख्येची खूण मात्र वेगळी शिकावी लागते. आपल्या जुन्या ग्रंथांत आकडे शब्दांनी सांगण्याची रीत होती आणि तिला भूतसंख्या म्हणतात. चंद्र किंवा भू म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, ऋतू किंवा रस म्हणजे सहा, ऋषी म्हणजे सात, वसू म्हणजे आठ, ग्रह म्हणजे नऊ, दिशा म्हणजे दहा, रुद्र म्हणजे अकरा आणि सूर्य म्हणजे बारा. पुण्यातल्या कविता रचणाऱ्यांना ही रीत फार प्रिय आहे. तिच्यातली मेख अशी की हे अंक उजवीकडून डावीकडे मांडतात, म्हणजे आधी एकम् सांगितला जातो आणि मग दशम्. या मेखेमुळे आमचा एक आठवडा कसा गेला, ते पुढे येईल.

दुसरी पायरी : लपवणाऱ्याच्या पायांनी विचार करणे

कवितेतून ठेवा शोधण्याचा जगातला अलीकडचा सर्वांत गाजलेला प्रकार अमेरिकेत घडला. सांता फे येथील फॉरेस्ट फेन या कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने सोन्याची नाणी आणि दागिने भरलेली ब्राँझची पेटी रॉकी पर्वतराजीत ठेवली आणि २०१० मध्ये चोवीस ओळींची एक कविता प्रसिद्ध केली; तिच्यात नऊ खुणा आहेत असे त्याने सांगितले होते. पेटी ठेवली तेव्हा त्याचे वय ऐंशीच्या आसपास होते आणि मोटारीपासून जागेपर्यंत आपण एका दुपारी दोन खेपा केल्या, असे तो वारंवार सांगत असे. तरीही लोक दोरखंड घेऊन कड्यांवर चढले आणि फेसाळणाऱ्या नद्यांत उतरले. त्या शोधात पाच जणांचा जीव गेला. २०२० च्या जूनमध्ये पेटी वायोमिंग राज्यात सापडली.

कवितेतली प्रत्येक ओळ ज्याने लिहिली त्याच्या वयाची, गुडघ्यांची आणि सवयींची असते. आपल्या खेळात तर रचणारा माणूस ओळखीचाच असतो, तेव्हा हा विचार अधिक सोपा जातो. ज्याला पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढताना तीनदा बसावे लागते, त्याने डबा सिंहगडाच्या कड्यावर ठेवलेला नसणार. जी बाई रोज सकाळी मंडईत भाजी घेते, तिच्या कवितेत मंडईची वाट कोठे ना कोठे डोकावणार.

तिसरी पायरी : आरंभाची जागा पक्की करणे

फेनच्या कवितेची सुरुवात कोमट पाणी जिथे थांबते त्या ठिकाणापासून करायची होती. हे वर्णन ऐकायला नेमके वाटते, पण गरम झऱ्यांपासून धरणांपर्यंत शेकडो जागांना ते लागू पडते, आणि दहा वर्षे हजारो लोक पहिल्याच ओळीवर वेगवेगळ्या दिशांना पांगत राहिले. पहिली खूण चुकली की पुढची प्रत्येक खूण आपण ओढूनताणून बसवत जातो आणि ती बसतेही, हे या खेळातले सर्वांत मोठे संकट आहे. मन फार आज्ञाधारक असते. त्याला पाहिजे ते दाखवायला सांगितले की ते दाखवते.

माझेच उदाहरण देतो. मामेबहिणीने रचलेल्या एका कवितेत ‘पाणी गेले, नाव उरले’ अशी सुरुवात होती. मी क्षणाचाही विचार न करता सारसबाग ठरवली, कारण तळ्यातल्या गणपतीचे तळे जाऊन बाग झाली, तरी देव अजून ‘तळ्यातला’च म्हणवतो. तीन रविवार मी त्या बागेच्या कडेने हिंडलो आणि प्रत्येक वेळी एखादे झाड, एखादा बाक कवितेशी जुळवून घेतला. दुसऱ्या ओळीत ‘चार वाटा फुटती तिथे’ असे स्वच्छ लिहिलेले होते, ते मात्र मी अलंकार म्हणून सोडून दिले. उत्तर होते फडके हौद चौक. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने आणलेले पाणी शहरातल्या हौदांत खेळत असे. त्या व्यवस्थेचा निरोप घेतला जाऊन जमाना झाला, पण हौदांची नावे चौकांना चिकटून राहिली. घरी बसून या दोन ओळी एकत्र वाचल्या असत्या, तर तीन रविवार वाचले असते.

तेव्हा नियम असा धरावा की आरंभाच्या जागेसाठी किमान तीन पर्याय कागदावर लिहायचे आणि प्रत्येकापुढे कवितेतले किती शब्द त्याला लागू पडतात व किती पडत नाहीत, हे दोन्ही लिहायचे. न लागू पडणाऱ्या शब्दांचा रकाना रिकामा राहत असेल, तर तो प्रामाणिकपणे भरलेला नाही असे समजावे.

पुण्यात या पायरीला विशेष गंमत आहे, कारण शहराची नावेच कोड्यांसारखी आहेत. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा इथे आहेत. देवांना तर पुणेकरांनी घरच्या माणसांसारखी नावे ठेवली आहेत : उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती. कवितेत ‘जो बोलत नाही’ असे आले, तर तो मौनी साधू असेल किंवा शनिवार पेठेतला गणपतीही असेल. लकडी पुलात लाकूड नाही आणि नवा पूल चांगलाच जुना आहे. शिवाय नावे बदललेली आहेत. गुरुवार पेठ एके काळी वेताळ पेठ होती आणि गंज पेठ आता महात्मा फुले पेठ आहे. रचणारा वयस्कर असेल, तर तो जुन्या नावाने बोलतो हे ध्यानात ठेवावे.

जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन ग्रंथ जवळ असावेत. शहराच्या जुन्या जागांसाठी १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर उत्तम आहे, कारण त्यात पेठा, देवळे, पूल आणि हौद यांची तपशीलवार माहिती आहे. सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा कागदपत्रांसाठीच उभे आहे. डब्याच्या निमित्ताने तिथे जाणाऱ्याचा डबा पुष्कळदा मागे पडतो आणि वाचन पुढे जाते, याची पूर्वसूचना देऊन ठेवतो.

एक कविता आरंभापासून शेवटपर्यंत

आता मी रचलेली एक कविता समोर ठेवून तिची उकल दाखवतो. या खेळात ती वापरून झालेली आहे, म्हणून उघड करायला हरकत नाही.

सातांत जो मंद । त्याच्या दारी जावे ।
तोंड तिथे व्हावे । ध्रुवाकडे ॥

बुरूज ते ग्रह । द्वारे तिथे बाण ।
तीच जागा जाण । निःसंशय ॥

जुना झाला तरी । नवा म्हणवितो ।
काठ ओलांडितो । न भिजता ॥

मंथनावाचून । अमृत जो देतो ।
तोच खूण घेतो । देई ठेव ॥

पहिल्या चरणात ‘सात’ आहे. सात म्हणजे ऋषी, स्वर, समुद्र, वार असे अनेक पर्याय निघतात. त्यांच्यातला ‘मंद’ कोण, हे विचारल्यावर पर्याय झपाट्याने कमी होतात, कारण मंद हे शनीचे नाव आहे आणि जुन्या पंचांगांत शनिवारला मंदवार म्हणत. शनीच्या ‘दारी’ म्हणजे शनी मंदिर, शनिपार की शनिवारवाडा? इथे आमच्या एका चमूने शनिपार धरला आणि ते चूक होते असे पहिल्या कडव्यावरून म्हणता येत नाही. निवाडा दुसऱ्या कडव्याने होतो. ग्रह नऊ आणि बाण पाच. शनिवारवाड्याच्या तटाला नऊ बुरूज आणि पाच दरवाजे आहेत. वाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या, पण तट, बुरूज आणि दरवाजे राहिले, म्हणून मोजणी आजही करता येते.

अशा कडव्याला मी ताळ्याचे कडवे म्हणतो. गणितात उत्तर आल्यावर ताळा पाहतात तसे ते असते. ते पुढे नेत नाही, फक्त आपण उभे आहोत ती जागा बरोबर आहे एवढे सांगते. चांगल्या कवितेत असे एखादे कडवे असतेच आणि नवखे लोक त्यालाही पुढची वाट समजून त्याच्या मागे धावतात. ‘निःसंशय’ या शब्दाने मी ते जवळजवळ सांगूनच टाकले होते.

पाच दारांतले कोणते दार, हे ‘ध्रुवाकडे’ या शब्दाने ठरते. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. त्याच्यासमोर वाड्याकडे पाठ करून उभे राहिले की आपलेही तोंड ध्रुवाकडे होते आणि नदी पुढच्या अंगाला येते. शिवाजी रस्त्याने तिकडे निघालो की जुना होऊनही नवा म्हणवणारा नवा पूल लागतो. पाटीवर त्याचे नाव शिवाजी पूल आहे. तो काठ ओलांडतो, म्हणून आपणही ओलांडायचा, आणि मुठेच्या उजव्या तीरावरून डाव्या तीरावर जायचे. नदीचा उजवा-डावा काठ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवतात, पुलावरच्या आपल्या उभे राहण्यावरून नाही. ही गोष्ट कवितांत वारंवार लागते.

समुद्रमंथन न करता अमृत देणारा कोण, हे पुण्यात कोणालाही विचारावे. अमृततुल्य चहाच्या दुकानाची पाटी जवळपास दिसतेच. पलीकडच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक चहावाले आहेत आणि त्यांच्या फळीवर साखरेच्या डब्याशेजारी आमचा स्टीलचा डबा त्यांच्या संमतीने ठेवलेला होता. आता फक्त ‘खूण’ सांगायची राहिली.

इथे आमचे सर्वांत हुशार जोडपे अडकले. खूण म्हणजे दुसऱ्या कडव्यातले दोन आकडे, इतके त्यांनी बरोबर ओळखले आणि गल्ल्यापाशी जाऊन मोठ्या आत्मविश्वासाने ‘पंचाण्णव’ असे सांगितले. चहावाल्यांना माझी सूचना होती की एका चमूचे आठवड्यातून एकच उत्तर ऐकायचे. त्यांनी पातेल्यातला चहा ढवळत नुसती मान हलवली आणि दोन कप पुढे सरकवले. पुढच्या रविवारी ती दोघे परत आली तेव्हा त्यांना अंकांची उलटी चाल आठवली होती : आधी सांगितलेला ग्रह एकम्, नंतर सांगितलेला बाण दशम्. ‘एकोणसाठ’ म्हणताच डबा खाली आला.

चौथी पायरी : दिशा, अंतर आणि सावली

वरच्या कवितेत मोजमाप नव्हते, पण पुष्कळ कवितांत असते आणि नवख्यांची त्रेधा तिथे उडते. ‘शंभर पावले’ असे आले तर पावले कोणाची, हा पहिला प्रश्न विचारावा. सपाट रस्त्यावर टेपने वीस मीटर मोजून आपली किती पावले भरतात ते वहीत लिहून ठेवावे आणि रचणाऱ्याची उंची ठाऊक असेल तर अंदाजाने फरक करावा. ‘हात’ म्हणजे सुमारे अठरा इंच आणि ‘वीत’ त्याच्या निम्मी.

अक्षांश-रेखांश दिलेले असतील तर दशांश चिन्हानंतरचे आकडे मोजावेत. चौथ्या स्थानापर्यंत आकडे असतील तर जागा अकरा-एक मीटरांच्या अचूकतेने कळते आणि पाचव्या स्थानापर्यंत असतील तर साधारण एका मीटरच्या. पण मोबाइलचे जीपीएस स्वतःच मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर इकडेतिकडे असते आणि पेठांतल्या अरुंद बोळांत, दोन्ही बाजूंना उंच इमारती असताना, ते आपल्याला सरळ शेजारच्या वाड्यात नेऊन सोडते. होकायंत्र लोखंडी कठड्यापासून आणि उभ्या मोटारींपासून चार पावले दूर धरावे.

सावलीची खूण ही सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवी आहे. इंग्लंडमध्ये १९७९ साली एका चित्रकाराने सोन्याचा ससा पुरून त्याची जागा चित्रांच्या पुस्तकात लपवली होती. विषुवदिनी भर माध्यान्ही एका जुन्या क्रूसस्तंभाच्या सावलीचे टोक जिथे पडते, ती ती जागा होती. तशी खूण पुण्यातल्या कवितेत आली तर घड्याळाकडे पाहून बारा वाजता उभे राहू नये. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरच्या वेळेने चालते आणि पुणे जवळजवळ चौऱ्याहत्तराव्या रेखांशावर आहे, त्यामुळे इथे सूर्य सरासरी बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास माथ्याच्या रेषेवर येतो. मार्चच्या विषुवदिनी ही वेळ सुमारे बारा बेचाळीस असते आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सुमारे बारा सत्तावीस. त्या क्षणी तीन मीटर उंचीच्या खांबाची सावली उत्तरेला साधारण एक मीटर पडते. डिसेंबरच्या अखेरीस तीच सावली खांबाच्या उंचीच्या नऊ-दशांश होते. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस सावली पायाखाली नाहीशी होते आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे वळते. कवितेत सावली आहे आणि महिना नाही, असे दिसले तर महिना दुसऱ्या कोणत्यातरी ओळीत दडलेला आहे असे समजून पुन्हा पहिल्या पायरीवर जावे.

पाचवी पायरी : जागेवर शोध घेणे

जागेवर पोहोचल्यावर प्रथम काहीही न उचलता दहा मिनिटे नुसते पाहावे. डबा पावसापासून, कुत्र्यांपासून आणि सफाई करणाऱ्यांपासून सुरक्षित राहील अशाच ठिकाणी ठेवलेला असतो, म्हणून गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीवरच्या कोनाड्यांवर, फळ्यांवर आणि कट्ट्यांच्या आतल्या बाजूंवर आधी नजर फिरवावी. मग जागेचे चौकोन पाडून एकेक चौकोन संपवावा आणि संपवलेला चौकोन वहीत खोडावा. त्या इंग्रजी सशाच्या बाबतीत दोन शिक्षकांनी कोडे योग्य रीतीने सोडवले होते आणि नेमक्या जागी खणलेही होते, पण मातीत तो त्यांच्या हातून निसटला. बक्षीस १९८२ मध्ये दुसऱ्याच माणसाने नेले, आणि त्याला जागेचा सुगावा चित्रकाराच्या जुन्या मैत्रिणीकडून लागला होता हे १९८८ मध्ये उघड झाले.

परवानगीबाबत मी काटेकोर आहे. खासगी वाड्यात किंवा सोसायटीत शिरण्याआधी विचारावे. देवळात शोधू नये. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारके आहेत. तिथे पाहावे, मोजावे, पण दगड हलवू नये, फटीत हात घालू नये आणि खडूने खूणही करू नये. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. टेकड्यांवरही कुदळ नेऊ नये. फेनच्या पेटीच्या नादाने यलोस्टोन उद्यानातल्या जुन्या दफनभूमीत खणणाऱ्या एका माणसाला २०२१ मध्ये सहा महिन्यांची कैद झाली. पेटी तिथे नव्हतीच.

शोधता शोधता एखाद्या पडलेल्या भिंतीतून खरोखरच जुनी नाणी दिसली तर काय, असे मला दरवेळी कोणीतरी विचारते. त्यासाठी १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर काय सापडले, कोठे आणि केव्हा, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडवणाऱ्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांचा आकडा वाचून हसू येते, पण कायदा लागू आहे. वस्तूला हात न लावता छायाचित्र काढावे, जागा सोडू नये आणि कळवावे.

न सापडल्यास

बऱ्याचदा सापडत नाही. अमेरिकेत १९८२ साली एका प्रकाशकाने बारा चित्रे आणि बारा कविता यांच्या आधाराने बारा शहरांत पेट्या पुरल्या. त्यांपैकी शिकागोतली १९८३ मध्ये, क्लीव्हलँडमधली २००४ मध्ये आणि बोस्टनमधली २०१९ मध्ये सापडली. तो प्रकाशक २००५ मध्ये अपघातात गेला आणि उरलेल्या जागांची उत्तरे कोठेही लिहून ठेवलेली नव्हती. दरम्यान बागा बदलल्या, भिंती पडल्या, रस्ते रुंद झाले. आपल्या शहराची गती याहून कमी नाही. पानशेतच्या १९६१ च्या पुराने नदीकाठचे रूप पालटले, आणि अलीकडे मेट्रोच्या कामात कोपरेच्या कोपरे ओळखू येईनासे झाले. म्हणून कविता जुनी असेल तर ती कोणत्या वर्षी रचली हे आधी विचारावे, आणि रचणाऱ्यांनी उत्तर बंद पाकिटात कोणा तिऱ्हाइताकडे ठेवावे.

थांबण्याची मर्यादाही निघण्यापूर्वीच ठरवावी. एका जागेसाठी दोन फेऱ्या आम्ही देतो. दुसऱ्या फेरीतही काही मिळाले नाही, तर वहीतल्या दुसऱ्या पर्यायाकडे वळतो, पहिल्या जागेत नवे अर्थ कोंबत बसत नाही. पावसाळ्यात नदीपात्राच्या बाजूची जागा असेल तर खडकवासल्यातून पाणी सोडल्याची सूचना पाहिल्याशिवाय खाली उतरू नये, आणि अंधार पडल्यावर कोठेच शोधू नये.

डबा मिळाल्यावर त्यातल्या वहीत तारीख आणि चमूचे नाव लिहावे, आतली वस्तू घेतली असेल तर तिच्या जागी दुसरी ठेवावी आणि डबा होता तसा, होता तिथे परत द्यावा. उत्तर कोणाला सांगू नये. नव्या पुलापलीकडच्या त्या फळीवरचा डबा मी परत आणला तेव्हा आतल्या वहीत सात नोंदी होत्या, आणि आठवी चहावाल्यांनी स्वतः केली होती : ‘पंचाण्णव म्हणणारे एकूण अकरा.’